परांचीवरचा माणूस बोलणार कधी?

३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ यांच्या मधली रात्र. समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे चालू होते. गर्डर बसविणारे अजस्र यंत्र उंचावरून कोसळले आणि २० जण ठार झाले. त्यानंतर दीड महिनाही उलटला नाही, तोच १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याच्या बाळकूम भागात ४० मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम आटोपून खाली येणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली. सात जण गेले. त्याआधी २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. झोपेतच १५ जण मेले, त्यांत लहान मुलेही होती. आणि लांब कशाला जा? ऑक्टोबर २०२१ मध्ये आमच्या सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसी भागात, ड्रेनेजच्या कामावर चेंबरमध्ये चार कामगारांचा जीव गेला.

प्रत्येक वेळी पुढचे नाटक ठरलेले असते. मंत्री येतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते, सुपरवायझरवर गुन्हा दाखल होतो. काही दिवसांनी काम पुन्हा सुरू! फरक एवढाच, की गेटवर ‘सुरक्षा प्रथम’ असा नवा बोर्ड लागतो आणि उरलेल्या कामगारांना पिवळी हेल्मेट वाटली जातात. शेकडो टन लोखंड अंगावर आल्यावर हेल्मेट काय करणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारायचा नसतो.

तो प्रश्न आम्ही विचारणार आहोत. कारण यंत्र पडण्याआधी, भिंत ढासळण्याआधी, परांचीचा बांबू मोडण्याआधी बहुतेक वेळा कोणाला ना कोणाला ते दिसलेले असते. ज्याला दिसते तो बोलत नाही, किंवा तो बोलतो आणि त्याचे कोणी ऐकत नाही. बांधकामावरची माणसे का मरतात याचे अर्धे उत्तर येथेच आहे.

आमचे छोटेसे ऑफिस सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आहे. जुनी माळवदाची घरे पाडून त्या जागी तीन-तीन, चार-चार मजले उभे राहताना आम्ही रोज पाहतो. अरुंद बोळात दोन्ही बाजूंना घरे, वरून गेलेली विजेची तार, सुतळीने आवळलेल्या बांबूंची परांची आणि तिच्यावर अनवाणी उभा असलेला गवंडी. खाली घमेले घेऊन बिगारी बाया. कडेला कठडा नाही, कमरेला पट्टा नाही. शेजारच्या मातीच्या भिंतीला आधार न देताच पाया खणलेला. गिरण्या बंद पडल्या, विडीच्या मजुरीत घर चालेना, म्हणून पोरे नाक्यावर उभी राहू लागली. नाक्यावरून ती येथे येतात.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आमच्याकडे आली. नवरा परांचीवरून पडून मेला होता. ठेकेदार म्हणतो, हा माणूस माझ्याकडे कामालाच नव्हता. हजेरीपुस्तक नाही, पगाराची चिठ्ठी नाही. आम्ही त्याच्या जोडीदाराला बोलावले. तो म्हणाला, “साहेब, त्या बांबूला कीड लागली होती. आम्हां सगळ्यांना माहीत होतं. त्यानं मुकादमाला सांगितलं बी होतं.”

“मग मुकादम काय म्हणाला?”

“म्हणाला, जमत नसेल तर उद्यापासनं येऊ नको.”

“हे कोर्टात सांगशील का?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “साहेब, मला उद्या त्याच्याकडंच कामाला जायचंय.”

वाचकहो, या एका वाक्यात बांधकाम सुरक्षेचे सगळे शास्त्र सामावले आहे. बांबू किडलेला होता हे खरे. पण त्या माणसाचा जीव घेतला तो ‘येऊ नको’ या दोन शब्दांनी. दिवसाच्या हजेरीवर ज्याची चूल पेटते आणि ज्याने मुकादमाकडून आधीच उचल घेतली आहे, त्याला ‘धोका दिसला तर सांग’ असा उपदेश करणे ही निव्वळ थट्टा आहे. तोंड उघडायला धीर लागतो, आणि तो धीर वाऱ्यावर येत नाही. बोललो तर उद्याची हजेरी बुडणार नाही ही खात्री, मागे चार माणसे उभी राहतील हा विश्वास आणि आपले म्हणणे ऐकणारा पुढारी, या तीन गोष्टी असल्या तरच तो येतो.

यात जातीचा प्रश्न नाही, असे कोणी म्हणू नये. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये पहिल्यांदा कोणाला उतरवतात, हे आम्ही सांगायला हवे काय? आत साचलेला वायू डोळ्यांना दिसत नाही. एक गुदमरला की त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि एका मृत्यूचे चार होतात. उतरण्याआधी हवा तपासली जात नाही. कारण उतरणाऱ्याच्या जिवाची किंमत यंत्राच्या भाड्याहून कमी धरलेली असते. ज्या समाजाला हजारो वर्षे मान खाली घालून ‘होय जी’ म्हणायला शिकविले, त्या समाजाचा माणूस मुकादमासमोर एका दिवसात ‘नाही’ कसे म्हणेल? व्यवस्थेने शिकविलेले गप्प बसणे परांचीवरही त्याच्याबरोबर चढते.

आता कायद्याकडे पाहू. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्राने कायदा केला. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर बसविला. महाराष्ट्रात त्याचे नियम २००७ मध्ये आले आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये. म्हणजे कायदा होऊन १५ वर्षांनी! त्या कायद्यात ५०० कामगारांच्या कामावर सुरक्षा समिती होती आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी घ्यायचे होते. पण सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल शिक्षा किती? जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा २,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. दोन हजारांत एका मजल्याची परांचीसुद्धा नीट बांधून होत नाही. नियम पाळण्यापेक्षा मोडणे स्वस्त, असा तो हिशेब होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० हिने घेतली. तिच्यात जे बरे आहे ते आम्ही बरे म्हणू. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा २५० कामगारांवर आणली आहे. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे कामगार मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, आणि त्या दंडातील निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दोन हजारांच्या मानाने ही निश्चितच सुधारणा आहे.

पण आमच्या पेठेतल्या परांचीपर्यंत ही संहिता पोहोचते काय? दहापेक्षा कमी कामगारांचे बांधकाम तिच्या व्याख्येतून बाहेर. स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या घराचा खर्च ५० लाखांपर्यंत असेल तर तेही बाहेर. जुन्या कायद्यात ही मर्यादा १० लाख होती. शुक्रवार पेठेत, बुधवार पेठेत, शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत जी बांधकामे चालतात, त्यांतली बहुतेक पाच-सात माणसांची. तेथे ना सुरक्षा अधिकारी, ना समिती. तेथे पडणारा माणूस या संहितेच्या वहीत पडतच नाही!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. संहितेचे कलम १४ म्हणते, की जिवाला धोका आहे अशी कामगाराला रास्त भीती वाटली तर त्याने ती मालकाला, थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत, सांगावी आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवावे. मालकाला ते पटले नाही तर निरीक्षकाचा निर्णय अंतिम. कागदावर छान आहे. पण निर्णय येईपर्यंत कामगाराने काय करायचे? त्याच परांचीवर उभे राहायचे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बांधकाम सुरक्षेविषयीचा १९८८ चा ठराव, क्रमांक १६७, सांगतो, की गंभीर धोका समोर दिसत असेल तर त्या जागेवरून दूर होण्याचा हक्क कामगाराला असला पाहिजे. ‘सांगण्याचा हक्क’ आणि ‘बाजूला होण्याचा हक्क’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला कागदाला वाचवतो, दुसरा माणसाला. आपल्या संहितेने पहिला स्पष्ट लिहिला आणि दुसऱ्यावर मौन पाळले. शिवाय निरीक्षकालाही आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता’ असे नाव दिले आहे. राखणदाराला यजमानपण दिल्यावर राखण कशी होणार, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून प्रश्न पुन्हा नेतृत्वापाशी येतो. आमच्याकडे अपघातानंतर दिसणारे नेतृत्व पुष्कळ आहे. त्यातही बरे-वाईट असते. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोचा पूल कोसळून कामगार मेले, तेव्हा प्रमुख ई. श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही. ज्या देशात मुकादमाच्या वर कोणीच जबाबदार नसतो, तेथे एवढेही मोठेच. तरीही राजीनाम्याने मेलेला माणूस परत येत नाही. अपघाताआधी जो कामावर दिसतो, तो खरा पुढारी.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी झालेल्या बांधकामावर सुमारे ४६ हजार माणसांनी काम केले. त्या मोठ्या बांधकामात एकही कामगार अपघातात मेला नाही. तेथील कामगारांची डोकी आपल्यापेक्षा मजबूत नव्हती. तेथे कंपन्यांचे मुख्य अधिकारी सुरक्षेच्या बैठकीला स्वतः बसत, काम सुरू होण्यापूर्वी मुकादम आपल्या टोळीशी रोज बोलत, आणि ‘थोडक्यात वाचलो’ अशा घटनांची नोंद मागून घेतली जाई. सांगणाऱ्याला हाकलण्याऐवजी त्याचे आभार मानले जात. आपल्याकडे थोडक्यात वाचलेला माणूस कपाळाला हात लावतो आणि पुन्हा त्याच फळीवर चढतो.

पैसा असल्याशिवाय हे जमत नाही, असे कोणी म्हणेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. त्यांच्यातला वडीलधारा फोरमन गब्बरसिंग नेगी याने सर्वांना सांगितले, की मी सगळ्यांत शेवटी बाहेर येईन. त्या शब्दावर ४१ माणसांनी धीर धरला. बोगद्यात सुटकेची वाट ठेवली नव्हती, हे नियोजनाचे पाप होतेच. पण कामगारांमधून उभे राहिलेले नेतृत्व काय करू शकते, हेही तेथे दिसले. शेवटी बाहेर येणाऱ्यावर माणसे विश्वास टाकतात. आधी पळणाऱ्यावर टाकत नाहीत.

आणि आमच्यासमोर तर याहून मोठे उदाहरण आहे. बाबासाहेब २० जुलै १९४२ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा खाणींच्या पाहणीला गेले आणि जमिनीखाली सुमारे ४०० फूट उतरले. मंत्र्याला दिल्लीत बसून फाइलवर सही करता आली असती. पण कामगार जेथे उभा असतो तेथे स्वतः उभे राहिल्याशिवाय त्याचा धोका कळत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. त्याच वर्षी त्यांनी मालकांना कामगार संघटना मान्य करायला लावणारे विधेयक आणले. ४०० फूट खाली उतरणे आणि संघटनेच्या मान्यतेचे विधेयक या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली गोष्ट पुढाऱ्याचे कर्तव्य सांगते, दुसरी कामगाराला तोंड उघडण्याचे बळ देते. त्याआधी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना त्यांनी मांडले होते, की संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचेच रूप आहे. धोक्याच्या परांचीवरून खाली उतरणे हाही एका माणसाचा, एका तासाचा संपच असतो. तो हक्क नसेल तर तो मजूर स्वतंत्र कसला?

येथे आम्हाला स्वतःविषयी बोलले पाहिजे. ते टाळून हा लेख लिहिला तर तो ढोंगीपणा ठरेल.

ज्याने ‘येऊ नको’ म्हटले तो मुकादम कोण? आमच्याच वस्तीतला, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा. तो दुष्ट नाही. त्याच्यावर ठेकेदार बसलेला असतो, ठेकेदारावर मालक, आणि वेळ चुकली की पैसे कापले जातात. दाब वरून खाली येतो आणि सर्वांत खालच्या माणसाच्या छातीवर बसतो. आज आपल्या समाजातही ठेकेदार झाले आहेत. ती अभिमानाची गोष्ट आहे. महात्मा फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, हे आपण विसरता कामा नये. पण ठेकेदार आपला असला म्हणून परांची आपोआप मजबूत होत नाही.

आणि आम्ही? काही वर्षांपूर्वी आमच्या एका वस्तीत विहाराचे काम चालू होते. १४ एप्रिलच्या आत स्लॅब पडलाच पाहिजे, असा बांधकाम समितीचा हट्ट होता आणि त्या समितीत आम्हीही होतो. दुसऱ्या मजल्यावर स्लॅब पडत असताना कडेला घमेले घेऊन चालणाऱ्या एका मावशीचा पाय घसरला. मागच्या बाईने तिचा पदर आणि दंड धरला म्हणून ती वाचली. आम्ही खाली उभे होतो. सगळे हसलो, चहा मागवला, संध्याकाळी स्लॅब पूर्ण झाल्याचे पेढे वाटले. निघताना ती मावशी म्हणाली, “दादा, कडेला एक बांबू आडवा बांधा म्हणून सकाळीच सांगणार होते. पण तुम्ही एवढी मोठी माणसं उभी, विहाराचं काम, कसं बोलायचं?”

विहार कोणाचा? तिचा. समिती कोणाची? तिच्याच माणसांची. तरीही तिला बोलता आले नाही! तिने बोलायला हवे होते, असे आम्ही म्हणणार नाही. तिला बोलता यावे अशी जागा आम्ही ठेवली नव्हती. बिल्डरच्या साइटवर आणि आमच्या विहारावर त्या दिवशी कोणता फरक होता, याचे उत्तर आम्हाला अजून देता आलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. सुरुवात आपल्या दारापासून करू या. यापुढे विहार असो, समाजमंदिर असो की आपले स्वतःचे दोन खोल्यांचे घर असो, ठेकेदाराशी लेखी करार करावा. परांची, कडेचा कठडा, कमरेचा पट्टा, वरून पडणारे सामान अडविणारी जाळी यांचा खर्च त्यात वेगळा दाखवावा, म्हणजे त्यात काटकसर करायला कोणाला निमित्त उरणार नाही. करारात एक ओळ आवर्जून घालावी : धोका आहे म्हणून ज्याने काम थांबविले त्याची त्या दिवसाची हजेरी पूर्ण मिळेल. संहितेने जे लिहिले नाही ते आपण आपल्या करारात लिहू शकतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. स्लॅब टाकण्यापूर्वी समितीच्या अध्यक्षाने स्वतः वर चढून सेंट्रिंगचे टेकू पाहावेत आणि सर्वांसमोर विचारावे, कोणाला काही खटकते आहे काय? त्यात दहा मिनिटे जातील. १४ एप्रिल दहा मिनिटांनी पुढे जात नाही.

दुसरे काम नाक्यावरचे. कल्याणकारी मंडळाची नोंदणी असली आणि ती चालू असली, तर कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी रांगा लागतात, आणि गरिबाने भांडी घेतली म्हणून आम्ही नाक मुरडणार नाही. पण नोंदणीचा खरा उपयोग तो कागद हातात असण्यात आहे : हा माणूस बांधकाम कामगार आहे, हे नंतर कोणाला नाकारता येत नाही. प्रत्येकाने खिशात छोटी वही ठेवावी. तारीख, जागा, मुकादमाचे नाव, मिळालेला पगार. त्या बाईच्या नवऱ्याच्या खिशात अशी वही असती, तर ‘माझ्याकडे कामालाच नव्हता’ असे म्हणण्याची ठेकेदाराची छाती झाली नसती.

तिसरे काम आम्हा वकिलांचे आणि कार्यकर्त्यांचे. एकटा कामगार तक्रार करतो तेव्हा तो ओळखला जातो आणि घरी बसतो. तीच तक्रार संघटनेच्या नावाने गेली तर मुकादमाला कोणाला ‘येऊ नको’ म्हणायचे ते कळत नाही. प्रत्येक तालुक्यात आपल्या विचाराचे पाच वकील असे निघावेत, की जे नाक्यावर महिन्यातून एक सकाळ बसतील. मयताच्या घरी जाऊन निवेदन लिहिण्यात आम्ही तरबेज झालो आहोत. जिवंत माणसासाठी अर्ज लिहायला आता शिकले पाहिजे.

त्या बाईचा दावा आम्ही लढवीत आहोत. जोडीदार अजून साक्षीला तयार नाही, आणि आम्ही त्याला भित्रा म्हणणार नाही. त्याच्यामागे चार माणसे उभी करणे हे आमचे काम होते. ते आम्ही केले नाही.

बांधवांनो, उद्या सकाळी कामाला निघताना आपल्या गल्लीतल्या बांधकामापाशी क्षणभर थांबा. वर पाहा आणि परांचीवरच्या माणसाला विचारा, “भाऊ, ही परांची कोणी बांधली? तुझा हिच्यावर भरवसा आहे का?” बहुतेक तो हसून ‘आहे की’ म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. तिसऱ्या दिवशी कदाचित तो खाली उतरून खरे काय ते सांगेल. त्या दिवशी त्याची हजेरी बुडणार नाही एवढी व्यवस्था तोपर्यंत आपण केलेली असली पाहिजे.